तीस हजारांत घरचा सराव-क्लस्टर : छोटे डेस्कटॉप, रास्पबेरी पाय की जुना रॅक सर्व्हर?

रामबागवासी (इंदूर) :

नमस्कार मंडळी,

मी एका खासगी कंपनीत सपोर्टचे काम करतो. आमचे सगळे अॅप्लिकेशन कुबरनेटीसच्या क्लस्टरवर (त्या प्रणालीने एकत्र चालवलेल्या यंत्रांच्या गटावर) चालते आणि तो क्लस्टर मी रोज आठ तास पडद्यावर पाहतो. त्याला हात लावण्याचा अधिकार मात्र मला नाही, आणि तो असता तरी ग्राहकांच्या चालत्या कामावर प्रयोग करून शिकण्याचे धाडस मी केले नसते. मागच्या वर्षी क्लाउडवर भाड्याने यंत्रे घेऊन शिकून पाहिले. एका शुक्रवारी रात्री ती बंद करायची राहिली, सोमवारी लक्षात आले, आणि त्या महिन्याचे बिल भरल्यावर तो नाद मी सोडला.

म्हणून आता घरीच तीन-चार यंत्रांचा क्लस्टर उभा करावा, असे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये. पर्याय तीन दिसतात. एक, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचे चार बोर्ड. दोन, कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले, जाड पुस्तकाएवढ्या आकाराचे छोटे डेस्कटॉप, आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली तेव्हा सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचे, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले यंत्र साडेनऊ ते अकरा हजारांच्या दरम्यान सांगितले गेले. तीन, ओळखीच्या एका गृहस्थांकडे पडून असलेला दोन झिऑन प्रोसेसरांचा जुना रॅक सर्व्हर, जो ते ६४ जीबी रॅमसह १८,००० रुपयांना द्यायला तयार आहेत. रॅमच्या त्या आकड्यामुळे माझे मन सर्व्हरकडेच ओढ घेते आहे, हे कबूल करतो.

अडचण विजेची आहे. आमच्या घराचा वापर हिवाळ्यात महिन्याला साधारण १२० युनिट असतो. १५० युनिटांच्या आत राहिलो तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात, आणि मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची सवलत गेली. बाबा निवृत्त आहेत आणि दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवतात, त्यामुळे माझा क्लस्टर गुपचूप चालणे शक्य नाही. घरात आठ वर्षांपूर्वीचा एक डेस्कटॉपही आहे : चार कोअर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. त्याचा काही उपयोग होईल का?

जुना प्रशासक (टिळकनगर, इंदूर) :

तुमच्या वडिलांचे कॅलेंडर हेच येथे सर्वांत उपयोगी मोजमाप आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. दोन झिऑनचा जुना सर्व्हर काही काम न करता नुसता चालू ठेवला तरी शंभर ते दीडशे वॅट खातो. १२० वॅट धरले तर दिवसाला २.८८ आणि महिन्याला ८६ युनिट झाली; घरचा वापर त्यात मिळवला की २०६ होतात आणि सवलत हातची जाते. याउलट छोट्या डेस्कटॉपातला नावाच्या शेवटी टी अक्षर असलेला ३५ वॅटचा प्रोसेसर रिकामा बसला असताना सगळे यंत्र मिळून दहा वॅटच्या आसपास घेते. तीन यंत्रांची महिन्याची साडेएकवीस युनिट झाली आणि तुम्ही १४२ वर राहिलात. आवाजाचा प्रश्न निराळाच. रॅक सर्व्हरचे चार सेंटिमीटरचे पंखे दाटीच्या सर्व्हर-खोलीसाठी बनवलेले असतात; रामबागेतल्या जुन्या घरांच्या पातळ भिंतींतून त्यांची शिट्टी शेजारच्यांनाही ऐकू जाईल.

रास्पबेरी पाय हे गोड यंत्र आहे, पण क्लस्टरचा सगळा हिशेब ठेवणारा एट्सीडी हा डेटाबेस सतत लिहीत असतो आणि ते लिहिणे एसडी कार्डाला फार काळ सोसत नाही. शिवाय त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा असल्यामुळे कंपनीतल्या एक्स-८६ (इंटेल-एएमडी जातीच्या) यंत्रांसाठी बांधलेल्या कंटेनर इमेज (प्रोग्रामची सगळ्या सामानासह बांधलेली गाठोडी) त्यावर तशाच चालणार नाहीत. बोर्डाची किंमत पाहताना अॅडॉप्टर, पेटी आणि एसएसडी धरायला आपण विसरतो, हेही आहेच.

यंत्रे स्वस्त आहेत म्हणून कमीपणा मानू नका. १९९४ साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडून बेवुल्फ हा क्लस्टर उभा केला, तेव्हाही मुद्दा बाजारात मिळणाऱ्या साध्या मालावर मोठे काम भागवण्याचाच होता.

माझा सल्ला असा की, तूर्त काहीच विकत घेऊ नये. घरच्या डेस्कटॉपवर डेबियन हे लिनक्स घालून केव्हीएमवर (एका यंत्रात अनेक यंत्रे भासवणाऱ्या सोयीवर) दोन-दोन जीबीची तीन आभासी यंत्रे करावीत आणि महिनाभर त्यांवरच हात बसवावा.

लष्करकर (ग्वाल्हेर) :

काकांच्या हिशेबाशी पूर्ण सहमत आहे, पण शेवटच्या सल्ल्याशी नाही. आभासी यंत्र बंद करणे आणि खऱ्या यंत्राची वायर भिंतीतून उपटणे यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात डिस्क एक, नेटवर्क कार्ड एक आणि घड्याळही एक, त्यामुळे बिघाडही आपल्या सोयीनेच होतात.

घड्याळाचा अनुभव सांगतो. माझ्या तीन जुन्या यंत्रांपैकी एकाच्या मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपलेली होती आणि ते मला माहीत नव्हते. उन्हाळ्यात दोन तास वीज गेली, परत आली, आणि ते यंत्र काही वर्षांपूर्वीची तारीख घेऊन उठले. त्याच्या दृष्टीने क्लस्टरमधल्या यंत्रांची ओळख पटवणारी सगळी प्रमाणपत्रे भविष्यात दिलेली होती, म्हणून त्याने ती अवैध ठरवली आणि इतर दोघांशी बोलणेच बंद केले. नेटवरून वेळ मिळाली असती तर तारीख सुधारली असती, पण फायबरचे कनेक्शनही तेव्हाच गेलेले होते. मी दोन संध्याकाळी नेटवर्क तपासले, फायरवॉल बंद केली, एकदा तर सगळे पुसून नव्याने बसवले. तिसऱ्या दिवशी कंटाळून नुसती तारीख विचारली, तेव्हा उत्तर पडद्यावर समोर होते. सीआर २०३२ जातीची ती बॅटरी काही दहा रुपयांत मिळते. जुने यंत्र घेतले की ती आधी बदलावी, मग बाकीचे.

दुकानात यंत्र पाहताना बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पाहावे. कंपनीतून आलेल्या काही यंत्रांना बायोसचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो. असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तेथेच व्हर्च्युअलायझेशन चालू करता येते का, आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय आहे का, हेही पाहावे. एसएसडी किती तास चालली आहे ते डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नावाच्या अहवालात दिसते. तो दुकानदारासमोरच काढावा, घरी येऊन नव्हे. आणि मूळ अॅडॉप्टर मागून घ्यावा. काही कंपन्यांची यंत्रे परका अॅडॉप्टर ओळखत नाहीत आणि मग प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. हे कळेपर्यंत आपण विनाकारण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

रामबागवासी (इंदूर) :

दोघांचेही आभार. सर्व्हरचा नाद सोडला आहे. दरम्यान काकांच्या सांगण्यावरून डेस्कटॉपवर तीन आभासी यंत्रे केली आणि क्युबएडीएम या बसवणीच्या साधनाने तिन्हींवर कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार पाहणारा भाग) बसवले. बसले, पण टिकत नाही. दर थोड्या वेळाने एट्सीडीच्या नोंदींत विनंतीला फार वेळ लागल्याची तक्रार येते, मागोमाग नेता (एट्सीडीच्या तीन सभासदांतला मुख्य) बदलल्याची नोंद येते, आणि तेवढा वेळ क्युबसीटीएल या क्लस्टरला हुकूम देण्याच्या साधनाची आज्ञा अडकून राहते. काल मी तिन्ही यंत्रांवर एकाच वेळी अपडेट लावले, तर चौथ्या मिनिटाला क्लस्टरने बोलणेच सोडले. प्रोसेसर मात्र बहुतांश रिकामा होता.

दुसरा प्रश्न : यंत्रे घ्यायचीच झाली तर आत्ता दोन आणि दिवाळीत तिसरे, असे केले तर चालेल का? दोनांपैकी एक बंद पडले तर दुसरे काम सांभाळेल, एवढे तरी व्हायला हरकत नसावी.

जुना प्रशासक (टिळकनगर, इंदूर) :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो गैरसमज फार जणांचा असतो. एट्सीडीत कोणताही बदल मान्य होण्यासाठी सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती लागते. आपल्याकडे मंडळाच्या सभेला जी गणपूर्ती लागते, तीच ही. तीन सभासदांत गणपूर्ती दोनांची, म्हणून एक गैरहजर राहिला तरी सभा चालते. पाचांत तीनांची, म्हणजे दोघांची गैरहजेरी चालते. दोनांत मात्र गणपूर्तीही दोनांचीच, म्हणजे एकजण जरी आला नाही तरी सभा बंद. एकच यंत्र असते तर बंद पडण्याची जागा एक असती. दोन घेतल्याने ती दोन झाली. पैसे दुप्पट आणि भरवसा निम्मा, असा हा व्यवहार आहे.

आपल्या सभांच्या नोटिशीत शेवटी एक ओळ ठरलेली असते की, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. एट्सीडीच्या घटनेत ही ओळ मुद्दामच ठेवलेली नाही. समजा मधली नेटवर्कची तार तुटली आणि दोन्ही यंत्रे आपापल्या जागी जिवंत राहिली, तर दोघेही अर्ध्या तासाने आपापली सभा भरवतील, परस्परविरोधी ठराव मंजूर करतील आणि तार जोडल्यावर खरे इतिवृत्त कोणते, हे ठरवायला कोणी उरणार नाही. त्यापेक्षा सभा बंद राहिलेली बरी.

आता डिस्कचा प्रश्न. एट्सीडी प्रत्येक बदल आधी आपल्या नोंदवहीत लिहितो आणि तो डिस्कवर खरोखर उतरला, अशी पोच मिळाल्यावरच पुढे जातो. तुमची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची असेल तर तिच्या एका फेरीलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. एट्सीडीची अपेक्षा अशी असते की, शंभरातल्या नव्याण्णव वेळा ही पोच १० मिलिसेकंदांच्या आत मिळावी. तुमच्याकडे तीन एट्सीडी एकाच डिस्कच्या एकाच शीर्षासाठी रांगेत उभे आहेत आणि त्याच रांगेत अपडेटच्या फायलीही घुसल्या. नेता दर १०० मिलिसेकंदांनी आपण जिवंत असल्याची खूण पाठवतो. ती साधारण एक सेकंद मिळाली नाही की बाकीचे नवी निवडणूक पुकारतात. प्रोसेसर रिकामा दिसत होता, कारण तो डिस्कची वाट पाहत बसलेला होता. हा दोष तुमच्या हातून झालेला नाही. उलट पहिल्याच आठवड्यात तो समोर आला, हे उत्तम झाले; नोकरीत यासाठी लोकांना रात्रीची जाग्रणे करावी लागतात.

उपाय असा. त्या डेस्कटॉपात २४० जीबीची साधी साटा एसएसडी बसवा. छोटी यंत्रे दोनच घ्या आणि तिसरा सभासद म्हणून हाच डेस्कटॉप धरा. क्युबएडीएमऐवजी के३एस हे कुबरनेटीसचे छोटे रूप वापरा. त्याचा बोजा हलका आहे. मात्र एक लक्षात ठेवा : त्यात एकच सर्व्हर असताना एट्सीडी नसून एसक्यूलाइट हा एका फायलीतला साधा डेटाबेस असतो, म्हणून पहिले यंत्र बसवतानाच क्लस्टर सुरू करण्याचा पर्याय द्यावा लागतो.

रामबागवासी (इंदूर) :

काका, गणपूर्तीचे लक्षात आले, पण हिशेब पुन्हा कॅलेंडरवर अडतो. डेस्कटॉप रिकामा असतानाही ४५ वॅट घेतो, असे प्लगमध्ये लावायच्या मीटरने दाखवले. दोन छोटी यंत्रे आणि तो मिळून ६५ वॅट, म्हणजे महिन्याला जवळजवळ ४७ युनिट आणि घरचा आकडा १६७.

मांडवीची ताई (बडोदे) :

आपण सगळे एक गोष्ट न विचारता धरून चाललो आहोत की, क्लस्टर चोवीस तास चालू हवा. सरावाचा क्लस्टर कोणासाठी चालू ठेवायचा? रोज संध्याकाळी चार तास चालवला तर ६५ वॅटनी महिन्याला आठ युनिटसुद्धा होत नाहीत. माझा स्वतःचा क्लस्टर रोज रात्री साडेदहाला बंद होतो. रोज थंड अवस्थेतून तिन्ही यंत्रे उठवताना जे दिसते, ते सतत चालणाऱ्या क्लस्टरमध्ये वर्षभरात दिसणार नाही. पहिले यंत्र एकटेच उठले की ते दुसऱ्याची वाट पाहत बसते, आणि दुसरे आले की गणपूर्ती होऊन काही क्षणांत सगळे मार्गी लागते. हे दोन-चारदा पाहिले की काकांनी सांगितलेला नियम पाठ करावा लागत नाही.

बाकी काही गोष्टी मी चुकत चुकत शिकले, त्या सांगते. तिन्ही यंत्रांचे आयपी पत्ते कायमचे ठरवून द्या आणि ते राउटर आपोआप वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचे ठेवा. एट्सीडीचे सभासद एकमेकांना पत्त्यानेच ओळखतात. आमचा राउटर बदलून मिळाला तेव्हा नव्या राउटरचा पट्टा निराळा होता आणि माझे तिन्ही सभासद एका रात्रीत बेपत्ता झाले. यंत्रांसाठी वेगळा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या, हजार-बाराशेत येतो. वायफायवर क्लस्टर करू नका.

के३एस दर बारा तासांनी एट्सीडीची प्रत काढून ठेवते आणि शेवटच्या पाच प्रती राखते. पण एक तर त्या त्याच यंत्राच्या डिस्कवर असतात, आणि दुसरे म्हणजे रोज चारच तास चालणाऱ्या क्लस्टरला ती वेळ कदाचित सापडणारच नाही. म्हणून बंद करण्यापूर्वी हाताने प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. तिच्याबरोबर सर्व्हरचा टोकनही (क्लस्टरची गुप्त किल्ली) जपून ठेवा. टोकन नसेल तर प्रत असूनही क्लस्टर परत उभा राहत नाही. मी प्रत काढून निश्चिंत होते आणि हे मला पुसून पुन्हा बसवताना कळले.

लाँगहॉर्नसारखी विखुरलेली साठवण पहिल्या महिन्यात नको. एक गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात आणि प्रत्येक लिहिणे दोन-तीन ठिकाणी करायचे असते. आधी साधे एनएफएस (एका यंत्राची डिस्क नेटवर्कवरून सगळ्यांना वापरू देण्याची पद्धत) पुरे.

लष्करकर (ग्वाल्हेर) :

ताईंच्या यादीत एकच भर. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएसचे बटण असते, ते लावून ठेवावे. साध्या स्थितीत वीज जाताना मधे जो क्षणाचा खंड पडतो, तेवढ्यात पंखा फिरत राहतो पण यंत्र बंद होऊ शकते. आणि यंत्रे माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नका. तुमच्याकडचा मे महिना आमच्यापेक्षा सौम्य असला तरी इतकाही सौम्य नाही.

रामबागवासी (इंदूर) :

महिन्याभराने लिहितो आहे. दोन छोटी यंत्रे २०,५०० रुपयांना मिळाली. एकाच्या बायोसला पासवर्ड निघाला, म्हणून दुकानदाराने तिथल्या तिथे दुसरे दिले, लष्करकरांचे उपकार. एसएसडी, स्विच, तारा आणि तीन बटण-बॅटऱ्या धरून एकूण २४,००० च्या आत भागले. उरलेले पैसे दिवाळीत तिसरे यंत्र घेण्यासाठी बाजूला आहेत. कॅलेंडरवरचा आकडा १३१.

काल पहिल्यांदा वायर उपटली. एका पानाचे छोटे संकेतस्थळ क्लस्टरवर चालू होते, त्याची एकच चालती प्रत ठेवलेली होती, आणि ती ज्या यंत्रावर होती त्याचीच तार बाबांनी काढली. मी घाईने क्युबसीटीएलला विचारले, तर काहीच उत्तर नाही. एका यंत्राने सगळा क्लस्टर गेला, असे वाटून हात गार पडले. मग लक्षात आले की, क्युबसीटीएलच्या सेटिंगच्या माझ्या फायलीत त्याच बंद यंत्राचा पत्ता लिहिलेला होता आणि मी बंद दारावर थापा मारत होतो. दुसऱ्याचा पत्ता घातला तेव्हा क्लस्टर शांतपणे चालू होता. सुमारे ४० सेकंदांनी पहिले यंत्र तयार नाही, अशी खूण दिसली. पण संकेतस्थळ काही उठेना. बाबा घड्याळ धरून बसले होते. पाच मिनिटे आणि वर पाऊण मिनिट गेल्यावर ते दुसऱ्या यंत्रावर उघडले. बाबांचे म्हणणे पडले की, एवढ्या वेळात त्यांनी वायर परत लावून दिली असती. हा उशीर कशाचा?

मांडवीची ताई (बडोदे) :

उशीर ठरवून दिलेला आहे. यंत्र बेपत्ता झाले की कुबरनेटीस त्यावरच्या पॉडना (प्रोग्रामच्या चालत्या प्रतींना) आपणहून ३०० सेकंदांची मुदत देते, कारण यंत्र मेले आहे की तार क्षणभर निघाली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि तुमच्या बाबांच्या म्हणण्याप्रमाणे कोणीतरी वायर परत लावत असण्याचीही शक्यता असतेच. ही मुदत त्या पॉडच्या टॉलरेशन या सेटिंगमध्ये कमी करता येते, पण ३० सेकंदांवर आणली तर राउटर जरा अडखळला तरी सगळे पॉड इकडून तिकडे धावू लागतील. त्यापेक्षा दोन प्रती ठेवा आणि त्या वेगवेगळ्या यंत्रांवर पडतील असा नियम घाला. मग यंत्र तयार नाही, अशी खूण पडताच बंद यंत्राकडे जाणारी वाट काढून टाकली जाते आणि पान दुसऱ्या प्रतीवरून दिसत राहते.

बंद दाराचा उपाय क्युब-व्हीआयपी किंवा कीपअलाइव्हडी. तिन्ही यंत्रांमध्ये फिरणारा एक आभासी पत्ता घ्यायचा आणि फायलीत तोच लिहायचा. फक्त तो पत्ता टीएलएस-सॅनच्या (प्रमाणपत्रात मान्य असलेल्या पत्त्यांच्या) पर्यायात आधी जोडा, नाहीतर प्रमाणपत्रात नाव नाही म्हणून क्युबसीटीएल तुम्हालाच दारात अडवेल.

रामबागवासी (इंदूर) :

दोन प्रतींचा नियम आज रात्रीच घालतो. आभासी पत्त्यासाठी राउटरच्या पट्ट्याबाहेरचा ५० क्रमांक मोकळा ठेवला आहे. पुढची वायर कोणत्या यंत्राची, हे या वेळी बाबा आधी सांगणार नाहीत, असे ठरले आहे.